गाळपेरीतला गहू आणि पट्ट्याचं पाखरू

बदकं आली तेव्हा आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, जाऊन महिना होऊन गेला होता. सकाळी खाली पट्टीकडं गेलो तर गव्हात करड्या रंगाचं काहीतरी उभं. आधी वाटलं, कुणाची मेंढरं शिरली. पण मेंढरांच्या माना एवढ्या लांब नसतात. जवळ गेलो तशा सगळ्या माना वर झाल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या. मोठाली बदकं होती. पांढरं डोकं, डोक्याच्या मागं दोन काळ्या रेघा, पाय हळदीसारखे. आमच्या बाजूला एवढी मोठी मी कधी बघितली नव्हती.

पट्टी म्हणजे गाळपेरीची. पावसाळ्यात धरणाचं पाणी आमच्या आंब्याच्या बुडाला लागतं. दिवाळी झाली की ते मागं सरकतं आणि वरची जमीन उघडी पडते. त्या ओल्या गाळात बैल घालता येत नाही, पोटापर्यंत रुततो. बी हातानं टोकायचं. खत नको, वरून पाणी नको, खालची ओल पुरते. भोरकडच्या धरणाकाठी सगळे असंच करतात. आधी पाणी उतरायची वाट बघायची, मग पुन्हा पाणी चढायच्या आत काढून घ्यायचं.

यंदाचा गहू तिनं टोकला होता. पाय सुजलेले, दोन पावलं चालली की दम लागायचा. मी म्हणलं, राहू दे, पोराला बोलावतो. पोरगा शिवऱ्याला हायवेवर टायरच्या दुकानात असतो.

"पोरगं येईस्तोवर गाळ वाळंल," ती म्हणाली. "मी बसून टोकते. बसून टोकायला काय दम लागतोय?"

बसल्या जागेवरनं हात पोचेल तेवढं टोकायचं, मग बूड सरकवायचं. त्यामुळं गहू उगवला तो ओळीत नाही, गोल गोल. रस्त्यावरनं जाणारे हसायचे. टोकून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पाडव्याला ह्याचीच पोळी करीन. बाजारच्या पिठाला गोणपाटाचा वास येतोय."

पौषात गेली. भोरच्या दवाखान्यात नेली होती, तिथनं टेम्पोतनं घरी आणली. त्याच्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आमच्यात घरचं माणूस गेलं की गोडाधोडाचं बंद होतं. शिमगा धरत नाहीत, त्यामुळं आमचा पहिला सण पाडवा. त्या दिवशी माहेरची माणसं येतात, त्यांच्या हातानं आपल्या चुलीवर पोळ्या होतात, सगळ्यांनी एका पंगतीला बसून खाल्ल्या की दुखवटा उठला. विंझरवरनं तिची बहीण आणि भाऊ येणार होते. मी मनाशी एक पक्कं केलं होतं, पोळी होईल ती त्याच गव्हाची. करणारी गेली, पण गहू तर होता. आणि आता त्या गव्हात ही बदकं.

मी ढेकूळ उचललं. शेजारच्या पट्टीतनं वहिनी ओरडल्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. वयानं माझ्याएवढ्याच, आवाजानं मोठ्या.

"भावजी, ढेकूळ खाली टाका. त्या मधल्याच्या गळ्यात बघा काय हाय."

बघितलं. एका बदकाच्या गळ्यात हिरवा पट्टा होता, चांगला रुंद, बांगड्यांचा चुडा चढवावा तसा.

"हिरवं बांधलंय," वहिनी म्हणाल्या. "देवीचं हाय. कुणीतरी नवसाचं सोडलंय. मारू नका, आधीच घरात एक झालंय."

आमच्याकडं हे असतं. नवस फेडायला देवीपुढं कोंबडा कापत नाहीत, सोडतात. त्याच्या पायात हिरवी चिंधी नाहीतर हिरवी बांगडी घालायची आणि मोकळा करायचा. मग त्याला कुणी धरत नाही, हाणत नाही. तो गावात फिरून कुणाचंही धान्य खातो, म्हातारा होऊन मरतो. बदक सोडल्याचं मात्र मी ऐकलं नव्हतं. तसं वहिनींना म्हणलं.

"सोडलं आसंल कुणी मोठ्या माणसानं. कोंबडा तुमच्या आमच्यासारख्यांनी सोडायचा."

वहिनींच्या पट्टीत हरभरा होता. हरभऱ्याच्या पानावर आंबट आंब असते, बदकं त्याला तोंड लावत नव्हती. त्यामुळं त्यांना देवी लवकर सापडली.

दुपारपर्यंत गावभर झालं. संध्याकाळी गुरवानं देवळात कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवानं विचारलं, आई, हे पाखरू तुझं असेल तर उजवी दे. उजवी पडली. उजव्या बाजूला खिडकी आहे आणि तिकडनं वारा येतो, पण देवळात उभं राहून ते कोण बोलणार?

"झालं," गुरव म्हणाला. "तात्या, पाखराला हात लावायचा न्हाई, धोंडा मारायचा न्हाई, फटाका लावायचा न्हाई."

"आणि गहू?"

"गव्हाचं आईला विचारलं न्हाई."

"मग विचार की."

"एका येळंला एकच इचारायचं आसतं."

मला एकट्याला विचारलं असतं तर मी कौल मानला नसता. माझा देवावर राग नाही, पण आता देण्याघेण्याचं काही उरलंय असंही नाही. अडचण तिची होती. मागं मी घराच्या छपरावरनं पडलो, कंबर धरली, तेव्हा तिनं एक कोंबडा सोडला होता. तांबडा, दांडगा. त्यानं आमचं वाळवण उधळलं, दारातले तांदूळ खाल्ले, एकदा माझ्या पिंढरीला चोच मारली. मी काठी घेतली की ती आडवी यायची. "तुमच्या कंबरंचा हाय तो," म्हणायची. "त्याला मारलं तर पुन्हा आडवं पडाल." त्या कोंबड्यानं आमचं किती खाल्लं याचा हिशेब तिनं कधी केला नाही.

म्हणजे गहू तिचा आणि न मारायचं तेही तिचं. गहू वाचवायला बदकं हाणली तर तिच्या मनाविरुद्ध, आणि बदकं राखली तर पोळी जाते. ती असती तर तिनं काय केलं असतं, हे विचारायला घरात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी घोंगडी घेऊन खाली गेलो आणि गव्हाच्या मधोमध बसलो. मारायचं नाही, ओरडायचं नाही, एवढंच ठरलं होतं. बसायला कुणी बंदी केली नव्हती. बदकं पाण्यावरनं उडाली, डोक्यावर एक गिरकी घेतली, मला बघितलं आणि लांबच्या कडेला उतरली. तिथं चरली. मधला गहू राहिला.

मग रोजचं झालं. सकाळी ऊन तापेपर्यंत आणि दुपार कलली की पुन्हा. वहिनी हरभऱ्यात खुरपत खुरपत बघायच्या.

"भावजी, अंडी घालायला बसलाय व्हय?"

"तुमाला पिल्लं पाहिजेत का?"

"मला नको. हाय ती लेकरं संबाळंनात."

बसून बसून इतरही पाखरं दिसायला लागली. आधी कधी बघितली नव्हती असं नाही, पण काम करताना माणूस पाखराकडं बघत नाही. एक परीट होता, काळा-पांढरा, शेपटी हलवत चालायचा. तो माझ्या पायाशी येऊन गाळातले किडे टिपायचा. आमच्या अंगणातही हिवाळाभर एक असतो, तोच हा की दुसरा ते मला सांगता येणार नाही. पाण्याच्या कडेला तांबूस रंगाची बदकं जोडीनं बसायची, ती गव्हात येत नव्हती. वर बांधाला पळस फुलला तशा भोरड्या आल्या. अंग गुलाबी, डोकं काळं. झाडावर एवढा कालवा करायच्या की आपण खोकलो तरी आपल्याला ऐकू येणार नाही. विजेच्या तारांवर पाकोळ्या ओळीनं बसायला लागल्या. सगळी खात होती, आणि दिवसागणिक जास्त खात होती. लांब जायचं असलं की पाखरू आधी पोट भरतं, हे मला तेव्हा समजलं. त्याचा मला काही आनंद नव्हता. जितकं जास्त खातील तितका माझा गहू जात होता.

बदकांना माझी सवय झाली. आधी लांब उतरायची, मग जवळ, मग आणखी जवळ. मी म्हणजे गव्हातला एक दगड असं त्यांनी धरून चाललं असावं. पट्टेवालं तर सगळ्यांत धीट. एकदा घोंगडीच्या टोकापासनं पानं उपटायला लागलं. मी हात हलवला. त्यानं मान वर केली, माझ्याकडं एका डोळ्यानं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. घोंगडीच्या चहूबाजूला तेवढा गहू उभा राहिला, बाकी पट्टी गालावरच्या खुंटासारखी झाली. चांदण्यातही चरत असतील. तेवढं मी बसू शकत नव्हतो, माझी कंबर गारठ्यानं धरते.

फाल्गुनात एक दिवस पुण्याच्या एक बाई आल्या. बरोबर त्यांचा नवरा. दोघांच्याही डोक्यावर टोपी, आणि हातात तीन पायांवर उभी करायची जाड नळी. गावात कुणीतरी मोबाईलवर बदकांचा फोटो टाकला होता, तो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेला म्हणे. बाई माझ्या लेकीच्या वयाच्या असतील. मला लेक नाही, पण असती तर तेवढी असती.

"काका, आम्ही इथं उभं राहिलो तर चालेल ना? ती उडतील का?"

"उडाली तर लई बरं व्हईल."

त्या हसल्या. मी हसलो नाही तशा नळीकडं वळल्या. नळीतनं बघून त्यांनी नवऱ्याला काहीतरी अक्षरं सांगितली, त्यानं मोबाईलमध्ये घातली. मग त्यांनी मला बोलावलं.

"काका, तुम्ही पण बघा."

डोळा लावला तर बदक एकदम पुढ्यात आलं. पट्ट्यावर पांढरी अक्षरं होती, ती इंग्रजी, मला वाचता आली नाहीत. पण त्याच्या चोचीत गव्हाचं पान होतं, ते मला स्पष्ट दिसलं. पानावरचं दवसुद्धा दिसलं.

"किती सुंदर आहे ना?" बाई म्हणाल्या.

"त्याच्या तोंडात काय हाय ते बघितलं का?"

त्यांनी पुन्हा डोळा लावला. मग नळीवरनं हात काढला. "हे शेत तुमचं आहे?"

"बायकोनं टोकलंय. पौषात गेली."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाल्या, "तरी तुम्ही त्यांना हाकलत नाही."

"मी न्हाई, देवी हाकलू देत न्हाई," म्हणलं, आणि पट्ट्याचं सगळं सांगितलं. कौल, गुरव, खिडकी. नवरा हसायला लागला, बाईंनी त्याच्याकडं बघितलं तसा थांबला. मग त्यांनी मला समजावलं. तो पट्टा देवीचा नाही. मंगोलिया म्हणून एक मुलूख आहे, चीनच्या वर. तिथले पाखरांचा अभ्यास करणारे लोक पट्टे घालतात, म्हणजे पाखरू कुठं कुठं जातं ते कळतं. हे बदक तिकडनं बर्फाचे डोंगर ओलांडून आलंय.

"एवढ्या लांबनं आमचाच गहू खायाला?"

"तिकडं थंडीत सगळं गोठतं, काका."

"आणि परत कधी जाणार?"

"आता जातीलच. उन्हाळा लागला की."

"पाडव्याच्या आदी?"

"ते त्यांनाच माहीत," त्या म्हणाल्या. जाताना त्यांनी बिस्किटाचा पुडा दिला. मी घेतला. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

संध्याकाळी वहिनींना सांगितलं की पट्टा देवीचा नाही, मंगोलियाचा आहे.

"तिकडं देव न्हाईत व्हय?" वहिनी म्हणाल्या.

गुरवाला सांगितलं. तो म्हणाला, कौल एकदा पडला की पडला.

खरं सांगायचं तर आता मला कुणी अडवत नव्हतं. पट्टा कशाचा ते कळलं होतं. दुसऱ्या सकाळी ढेकूळ हातात घेऊन गेलो आणि ते हातातच राहिलं. अंगठ्यानं चुरत बसलो. गहू तर तेव्हाही पाहिजेच होता.

पुढं काही दिवसांनी बदकं गेली. आदल्या सांजेला सारखी ओरडत होती, पाण्यावरनं उठायची, पुन्हा बसायची. सकाळी मी गेलो तेव्हा चरायला उतरलीच नाहीत. वर चढली, धरणावर दोन फेरे घेतले, मग एकामागं एक लांबलचक ओळ करून डोंगराच्या अंगानं वर गेली. कोण पट्ट्याचं आणि कोण बिनपट्ट्याचं, एवढ्या उंचीवर कळत नाही. मी घोंगडी झटकली आणि घरी आलो. चहा केला. त्या दिवशी दुपारी खाली जायचं कारण नव्हतं, तरी पाय तिकडं वळले.

खाल्लेला गहू पुन्हा फुटला, पण त्याला ओंबी यायला उशीर होता. घोंगडीभोवतीचा तेवढा पाडव्याच्या तोंडावर पिवळा पडला. विळ्यानं कापला, उन्हात टाकला, पोत्यात घालून काठीनं बडवला. सुपानं पाखडायला गेलो तर दाणे भुशाबरोबर उडायला लागले. ते काम मला येत नाही. वहिनींनी सूप हातातनं काढून घेतलं आणि पाखडून दिला.

"पोरासोरांच्या खाऊएवढा झाला," म्हणाल्या. "घोंगडीवर बसलेल्या माणसालाच पावला."

गिरणीत नेला नाही. एवढ्याशा धान्यासाठी गिरणी चालू करत नाहीत, आणि केली तरी आधीच्या माणसाचं पीठ आत राहिलेलं असतं, ते आपल्यात येतं. मला ते नको होतं. घरातलं जातं कोपऱ्यात पालथं पडलं होतं, ते धुतलं, वाळवलं आणि स्वतः दळलं. दोन्ही खांदे भरून आले. पीठ डब्यात घालून डबा फळीवर ठेवला. पोराचा फोन आला, "आबा, आट्याची पिशवी आणू का?" नको म्हणलं.

पाडव्याला सकाळच्या एस्टीनं मेव्हणी आणि मेव्हणा आले. मेव्हणीनं पुरणाची डाळ, गूळ, पीठ, सगळं विंझरवरनं बांधून आणलं होतं. आली ती तडक चुलीपाशी बसली. बहिणीच्या भांड्यांना हात लावताना रडली थोडी, मग कामाला लागली.

"फळीवर डबा हाय," मी म्हणलं. "तिचा गहू हाय त्यात. त्याची कर."

"करते की दाजी."

मी कडुलिंबाचे डहाळे आणायला वर गेलो. परत आलो तर परातीत एकच मोठा गोळा भिजत पडलेला, वर ओलं फडकं. डबा रिकामा, धुऊन पालथा घातलेला.

"डब्यातलं पीठ कुठं हाय?"

"ह्यातच की. माझं आणि ते, दोन्ही मळलं एका जागी."

मी उभाच राहिलो. मेव्हणी माझ्या तोंडाकडं बघत होती.

"दाजी, एवढ्याशा पिठाची एक पोळी झाली आस्ती. ती तुमी खाल्ली आस्ती आणि आमी काय तुमच्या तोंडाकडं बघत बसायचं व्हतं? माझी बहीण न्हवती का ती?"

बरोबर होतं तिचं. मला ते आवडलं नाही, पण बरोबर होतं. ती माझ्या आधी तिची होती. मी डहाळे दाराला खोचले आणि हातपाय धुऊन पंगतीला बसलो. पोरगा शिवऱ्याहून आला होता, वहिनींना बोलावलं होतं, गुरवही आला. दुधात पोळी कुस्करली. कुठल्या घासात तिचा गहू आहे ते कळायला मार्ग नव्हता. परातीत एकजीव झालेला, म्हणजे प्रत्येक पोळीत थोडाथोडा असणार. मग मी एक खाल्ली, दुसरी घेतली. ती संपल्यावर ताट पुन्हा पुढं केलं. मेव्हणीनं वाढली. पुन्हा केलं.

"आबा, पोटात दुखंल," पोरगा म्हणाला.

"वाढू दे रं," मेव्हणा म्हणाला. "किती दिवसानं जेवतायत."

पोळ्यांची परात रिकामी होईपर्यंत मी उठलो नाही. दुखवटा उठला, सगळ्यांनी एकमेकांना तसं सांगितलं. मेव्हणी एस्टीची वाट बघत रस्त्यावर उभी होती, तिथं वहिनींना म्हणाली, "दाजी सावरले बरं का. आज तोंडाला चव आली त्यांच्या."

वहिनींनी मान हलवली. मी बाजूला दगडावर बसून होतो. मला बोलता येत नव्हतं, पोटाला तडस लागली होती.